पिसांच्या वाटा (भाग ४) : कोंबडा, मोर आणि रानकोंबडा

मागच्या भागात रेशमी दोरा आणि मेण झालं. आता ज्यासाठी एवढा खटाटोप, ती पिसं : ट्राउट माशाला भुलवणारी खोटी माशी बांधायची.

यवतमाळ जिल्ह्यात ट्राउट नाही आणि असणारही नाही. त्याला गार, वाहतं पाणी लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. इंग्रजांनी हा मासा काश्मीर, कुलू, निलगिरीच्या थंड ओढ्यांत सोडला, पैनगंगेच्या वाटेला ते गेले नाहीत. आपला भोई गरीला गांडूळ लावतो, नाहीतर कणकेची गोळी. ट्राउट पाण्यावरचे किडे टिपतो, म्हणून त्याच्यासाठी गळावर पिसांची खोटी माशी बांधतात.

ही कला जुनी आहे. ईलियन या रोमन लेखकाने सुमारे १८०० वर्षांपूर्वी मॅसेडोनियातल्या मासेमारांबद्दल लिहून ठेवलंय : गळाला लाल लोकर गुंडाळायची आणि कोंबड्याची दोन पिसं जोडायची. मूळ सामान आजही फार वेगळं नाही. खरी मेख आहे ती कुठलं पीस घ्यायचं यात. नराच्या मानेवरचं पीस कडक असतं. ते गळाच्या दांड्याभोवती गुंडाळलं की तंतू चहूबाजूंनी ताठ फाकतात आणि त्यांच्या टोकांवर माशी तरंगते. मादीचं पीस मऊ. ते पाणी पितं, बुडतं आणि प्रवाहात किड्याच्या पायांसारखं हलतं. म्हणून तरंगती माशी कोंबड्याची, बुडती कोंबडीची. भारतातल्या साध्या कोंबड्यांच्या मानेची पिसांसकट वाळवलेली कातडी याच कामासाठी परदेशी बाजारात विकली जाते. आपण मात्र कोंबडा सोलला की पिसं उकिरड्यावर टाकतो.

टिपेश्वरच्या जंगलात मोर भरपूर. त्याच्या पिसाऱ्यातला एकेक तंतू गुंडाळला की भुंग्याचं लवदार अंग तयार होतं. त्याची हिरवी-तांबूस झळाळी तंतूच्या सूक्ष्म रचनेतून येते, नुसत्या रंगद्रव्यातून नाही. गळून पडलेलं पीस घरात ठेवायला हरकत नाही, पण मोरपिसांच्या निर्यातीला बंदी आहे.

या हौशीचा सगळ्यात मोठा हव्यास मात्र राखाडी रानकोंबड्याचा. शेजारच्या मेळघाटापासून सह्याद्रीपर्यंत तो आढळतो. नराच्या मानेच्या पिसांवर मेणचट, पिवळसर-पांढरे, मुलामा दिल्यासारखे ठिपके असतात. तसं एक पीस माशीच्या बाजूला लावलं की डोळा झाला! विणीनंतर नराची ही पिसं झडतात. व्हिक्टोरियन काळात साल्मन आणि ट्राउटच्या दिमाखदार माश्यांसाठी भारतातून या पक्ष्याची कातडी बोटीने जाऊ लागली. शिकाऱ्यांना त्यात काही गैर वाटत नसे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रानातला पक्षी मारायची सोय उरली नाही; आता विलायतेत पाळलेल्या रानकोंबड्यांची पिसं चढ्या भावाने मिळतात, किंवा रंगवलेली नक्कल.

माझ्या मते तो डोळा माशापेक्षा माणसाला जास्त भुलवतो. इंग्लंडमधल्या एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर याने फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची तार एवढ्यावरच एक माशी बांधली. दोरासुद्धा नाही. जगभरचे ट्राउट तिला लागतात.

पुढच्या भागात सशाच्या कानावरची लव.