भरवशाची रोजची सवय

गेल्या पावसाळ्यात अम्मींच्या ऑपरेशनसाठी आम्ही सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात अकरा दिवस काढले. शाळेत तवक्कुल, म्हणजे अल्लाहवरील भरवसा, या विषयावर आम्ही तासभर बोलू शकतो. पण ऑपरेशनच्या आदल्या रात्री हातात तसबीह होती आणि लक्ष मोबाईलवर. आजाराची माहिती दहा ठिकाणी वाचली, तेच प्रश्न तीन नातेवाइकांना विचारले. दुआ मात्र जिभेवरच राहिली.

व्हरांड्यात आमच्या शेजारी चटई टाकून एक ख्रिस्ती मावशी होत्या. त्यांचे पती आत दाखल होते. औषध आणायला निघताना, रिपोर्ट हाती घेताना, डबा उघडताना त्या क्षणभर डोळे मिटत आणि मग कामाला लागत. आम्ही विचारले, "मावशी, भीती नाही वाटत?"

"वाटते ना भाऊ. म्हणून तर एकेक काम देवाला सांगून करते. सगळं एकदम सोपवणं मला जमत नाही."

सातव्या दिवशी त्यांचे पती गेले. मावशी खूप रडल्या. मग डोळे पुसले, क्षणभर मिटले आणि कागदपत्रांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. त्या क्षणाची तयारी त्यांनी आठवडाभर, नव्हे कित्येक वर्षे केली होती, हे आम्हाला तेव्हा उमगले.

घरी आल्यावर पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा वाचले. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आई, वडील आणि बहीण गेली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या. आपला वर्धा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. तिथून त्यांनी निराधार मुली व विधवांना पुणे जिल्ह्यातील केडगावला नेले. अमेरिकेतील हितचिंतकांनी दिलेले दहा वर्षांच्या मदतीचे वचन १८९८ मध्ये संपले. पुढे ठरलेल्या रकमेचा आधार उरला नाही, तरी मुक्ती सदनाची दारे उघडीच राहिली. रोज प्रार्थना होई. त्याचबरोबर विहिरी खोदल्या, शेती केली, मुलींना विणकाम आणि छपाई शिकवली. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. तरीही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम रमाबाईंनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

हजरत ईसा (अलै.) आपल्यासाठी अल्लाहचे प्रेषित आहेत. त्यांच्याविषयी रमाबाईंची श्रद्धा आणि आपली श्रद्धा यांत मूलभूत फरक आहे. पण भरवसा कसा वाढतो, हे त्यांच्या जीवनातून शिकायला हरकत नाही. खुद्द कुरआनमधील सूरह मरयम आठवा. प्रसूतीच्या वेदनांनी व्याकूळ झालेल्या हजरत मरयम (अलै.) यांना खजुरीचे खोड हलवायला सांगितले गेले. अशा अवस्थेतील स्त्रीच्या हातांनी खजुरीचे झाड कितीसे हलणार? खजूर देणारा अल्लाहच होता, तरीही हात पुढे करायचा होता मरयम (अलै.) यांनीच.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही उंट बांधून मग भरवसा ठेवायला शिकवले. थोडे का असेना, पण नियमित केलेले कर्म अल्लाहला सर्वाधिक प्रिय असते, हीही त्यांचीच शिकवण.

तेव्हापासून घरात आम्ही तीन लहान गोष्टी ठरवल्या आहेत. चिंतेची बातमी आली की कुणाला फोन करण्याआधी दोन रकात नमाज. महिनाअखेरीस हात आखडला, तरी सदक्याच्या डब्यात रोज एक नाणे. आणि मुलांनी परीक्षेला निघताना "अभ्यास माझा, निकाल अल्लाहचा" असे म्हणून बाहेर पडायचे. कधी विसरतो, कधी मन लागत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करतो.

अल्हम्दुलिल्लाह, अम्मी बऱ्या होऊन घरी आल्या. पण मनासारखे घडले म्हणजेच भरवसा खरा ठरला, असे आता आम्ही मानत नाही. मावशींनी ते आम्हाला शिकवले. वादळाच्या दिवशी मुळे रुजवायला वेळ मिळत नसतो. ती आजच, शांत दिवशी, थोडी थोडी रुजवावी लागतात. अल्लाह आपणा सर्वांना त्याची तौफीक देवो. आमीन.