पाणी कोणाकडे मागावे?

भूगोल म्हटला की पुष्कळांना शाळेतली राजधान्यांची घोकंपट्टी आठवते. आमचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही, त्यामुळे तिच्यातून आम्ही वाचलो. आम्हाला भूगोल भेटला तो मागण्यांचे अर्ज लिहिताना. मालकापुढे ठेवावयाची मागणी मुकादमापुढे ठेवून उपयोग नसतो. पाण्याच्या बाबतीत मालक कोण, हे नकाशा सांगतो.

तळेऱ्याहून एक रस्ता पश्चिमेस विजयदुर्गास उतरतो, दुसरा पूर्वेस वैभववाडीवरून गगनबावड्याचा घाट चढतो. बाष्पाने जड झालेले वारे समुद्रावरून येतात, सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि पाऊस टाकतात. आपल्या जिल्ह्यात तो सुमारे तीन हजार मिलिमीटर, गगनबावड्यास पाच हजारांच्याही वर. डोंगरापलीकडे माण तालुक्यात मात्र पाचशेच्या आसपास. माणदेशात टँकर यावा हे समजते. पण आपल्या विहिरींचा तळ मे महिन्यात का दिसावा?

दोष पावसाचा नव्हे. आपल्या नद्या तोकड्या, उतार तीव्र. घाटाच्या पश्चिमेस पडलेला थेंब बघता बघता खाडीला मिळतो. हातभर पूर्वेस पडलेला कुंभी, पंचगंगा, कृष्णा असा फिरत बंगालच्या उपसागरास जातो! शिवाय पायाखाली जांभा. युगानुयुगांच्या पावसाने मूळ खडकातील सिलिका धुऊन नेली, लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले, दगड सच्छिद्र झाला. त्यातून झिरपलेले पाणी खालच्या चिकणमातीवर अडते आणि सड्याच्या कडेला झरा होऊन निघते. वरच्या गावाने रान तोडले की माती वाहून जाते, पाणी मुरण्याऐवजी पळते, आणि विहीर आटते ती खालच्या वाडीची. ग्रामपंचायतीची हद्द पाण्याला ठाऊक नसते.

जगाचे प्रश्न याहून निराळे आहेत असे समजू नये. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. आंब्याची कलमे आणि विजेचे खांब आडवे झाले. समुद्र तापला की वादळाला बळ चढते, आणि समुद्र तापतो आहे तो जगाने कोळसा व तेल जाळून हवेत सोडलेल्या वायूंमुळे. त्यात देवगडच्या बागाईतदाराचा वाटा तो किती? येथे वरचे गाव म्हणजे आधी श्रीमंत झालेले देश, आणि नुकसानीचा जाब त्यांना विचारावा लागेल. तो विचारताना आपल्या सड्यावरची कुऱ्हाड मात्र आपणच थांबवावयाची आहे.

पंचायत समितीकडे टँकरचा अर्ज अवश्य करावा. तहान थांबत नाही. पण सोबत एका व्हाळावरच्या साऱ्या गावांच्या सह्या घ्याव्यात, आणि पावसाळा सरताच वाळूच्या पोत्यांचे बंधारे कोठे घालावयाचे ते नकाशावर दाखवावे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर समोच्च रेषा असतात. त्या वाचावयास आम्ही एका रविवारी शिकलो.