वाईचा कृष्णाकाठ मुलांसोबत : ढोल्या गणपतीची मागची भिंत माशासारखी का?

कृष्णाकाठची जुनी बाजारपेठ असलेल्या वाईत मुलांसोबत पायी फिरायचे असेल, तर सुरुवात गणपती घाटावरून करावी. येथील ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. दर्शनानंतर मुलांना मंदिराची मागची बाजू जरूर दाखवावी. प्रवाहाकडील ही भिंत माशासारखी निमुळती आहे. सपाट भिंतीवर पुराचे पाणी थेट आदळते. निमुळत्या भिंतीशी ते दुभंगते, दोन्ही बाजूंनी निघून जाते आणि बांधकामावरचा मारा कमी होतो. होडीचे टोकही याचसाठी निमुळते असते. जवळच काशीविश्वेश्वराचे मंदिर आहे. मात्र नदीच्या वरच्या अंगाला धोम धरण आहे. विसर्ग सुरू असताना मुलांना घाटाच्या पायऱ्यांवर उतरू देऊ नये.