चार अक्षरं आधी

इटलीच्या व्हल्कानो बेटावर ज्वालामुखीच्या उष्णतेने समुद्रकिनाऱ्याचा गाळ तापलेला असतो. त्या गाळातून मिळालेल्या पायरोकॉकस फ्युरिओसस या सूक्ष्मजीवाचं वर्णन १९८६ साली प्रसिद्ध झालं. तो १०० अंश सेल्सिअसला सर्वांत जोमाने वाढतो. डीएनएच्या नकला काढणाऱ्या पीसीआर यंत्रात त्याचे दोन पेड सुटे करायला ९५ अंश पुरतात. मग याचा डीएनए टिकतो कसा, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘कवच’ या एका शब्दात दिलं जातं. मला हा शब्द अपुरा वाटतो. कवच म्हटलं की आतली वस्तू शाबूत आहे असं गृहीत धरलं जातं, आणि इथे ती सतत मोडत असते.

मुळात पेड सुटण्याची भीतीच वाजवीपेक्षा मोठी केली गेली आहे. डीएनएच्या अक्षरांपैकी ग्वानिन-सायटोसिनच्या जोडीत तीन बंध असतात आणि ॲडेनिन-थायमिनच्या जोडीत दोन; तेव्हा उष्णताप्रेमी जीवांमध्ये पहिली जोडी जास्त असणार, असा तर्क केला जाई. प्रत्यक्षात पायरोकॉकसमध्ये तिचं प्रमाण सुमारे ४१ टक्के आहे, आपल्या आतड्यातल्या ई. कोलायपेक्षाही कमी. शिवाय डीएनएचं वेटोळं दोन्ही टोकांनी जोडलेलं, बंद असेल तर त्याचे पेड १०७ अंशांपर्यंतही सुटत नाहीत, हे १९९४ साली दाखवलं गेलं. खरा घाव रासायनिक आहे. उष्णतेने ॲडेनिन आणि ग्वानिन कण्यापासून गळून पडतात आणि त्या जागी धागा तुटतो. सायटोसिनचा अमिनो गट निघून जातो आणि त्याचं युरासिल होतं. पेशीतलं पोटॅशियम ही झीज मंदावतं, थर्मस थर्मोफिलससारखे जिवाणू लांबलचक पॉलिअमाइन रेणू डीएनएशी बांधून ठेवतात. हे सगळं उपयोगाचं आहे, पण त्याने झीज थांबत नाही.

म्हणून माझं लक्ष पुनःपुन्हा एका कारागिराकडे जातं. डीएनएची नक्कल उतरवणारं पायरोकॉकसचं पॉलिमरेज जुन्या पेडावरून सरकत असताना पुढे चाचपत जातं. समोर युरासिल आलं की ते चार अक्षरं आधीच थांबतं. न थांबता पुढे गेलं असतं तर युरासिलसमोर ॲडेनिन बसलं असतं आणि ती चूक पुढच्या पिढीत कायमची गेली असती. माणसाची किंवा ई. कोलायची पॉलिमरेजं अशा ठिकाणी अडत नाहीत. प्रयोगशाळेत मात्र हाच गुण अडचणीचा ठरला: मिश्रणात युरासिल असलं की हे विकर काम सोडतं. म्हणून युरासिल धरणारा त्याचा खळगा बदलून सुधारित विकर तयार करण्यात आलं. पीसीआरसाठी ते सोयीचं आहे. उकळत्या पाण्यात जगणाऱ्या पेशीला मात्र ते चार अक्षरं आधी थांबणंच हवं.

यावर आक्षेप येईल तो रिव्हर्स गायरेजचा. डीएनएला जादा पीळ देणारं हे विकर ८० अंशांपलीकडे वाढणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जीवात सापडतं. मग कवच नाही असं कसं म्हणायचं? आक्षेप वजनदार आहे. हे विकर काढून टाकलं तर पायरोकॉकस ९५ अंशांना वाढत नाही, हे मान्यच करायला हवं. पण त्याचाच नातलग थर्मोकॉकस कोडाकरेन्सिस या विकराविना ९० अंशांपर्यंत तग धरतो, मंद गतीने का होईना. आणि रिव्हर्स गायरेज तुटलेल्या धाग्यापाशी जाऊन बसतं, त्यामुळे ९० अंशांना डीएनएचे तुकडे पडण्याचा वेग सुमारे आठपटींनी घटतो, असंही दिसलं आहे. म्हणजे पीळ देणारं हे विकरही अखेर मोडतोडीच्याच जागी कामाला येतं.

दुसरी शंका अशी की इतकी डागडुजी करताना चुका साचत जातील. पायरोकॉकसच्या गुणसूत्राचे गॅमा किरणांनी तुकडे केले, तर पेशी ९५ अंशांना ठेवल्यावर काही तासांत ते पुन्हा जोडते. अचूकतेचा हिशोब सल्फोलोबस ॲसिडोकाल्डेरियसवर झाला. हा जीव ७५ ते ८० अंशांच्या आम्लात राहतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत त्याच्या संपूर्ण जीनोममागे दर नकलेला होणाऱ्या उत्परिवर्तनांचं प्रमाण साध्या तापमानाच्या सूक्ष्मजीवांइतकंच, किंबहुना थोडं कमीच भरलं.