खुल्या परीक्षेत शाहीर कुठे?

विश्रांतवाडीहून गणेशखिंडीतले विद्यापीठ फार लांब नाही. तिथे १९८७ पासून ललित कला केंद्र आहे. पण आमच्या वस्त्यांतल्या किती शाहिरांनी पीएच.डी.ची खुली मौखिक परीक्षा पाहिली आहे?

रीत सरळ आहे. प्रबंध किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो. अहवाल अनुकूल आले की उमेदवार सर्वांसमक्ष मांडणी करतो, प्रश्नांना उत्तरे देतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी या परीक्षेस 'इच्छुक तज्ज्ञां'नाही बसण्याची मुभा दिली होती.

आमचा सवाल इतकाच, की जलशाचा तज्ज्ञ कोण? वामनदादा कर्डकांना अक्षरओळख मोठेपणी झाली. आज त्यांच्या गाण्यांवर प्रबंध होतात. ज्यांनी रात्र रात्र गाऊन बाबासाहेब घराघरांत पोहोचवले, ते मात्र प्रबंधात केवळ 'माहिती देणारे' उरतात. परीक्षेचे निमंत्रण त्यांना क्वचितच जाते.

जलशावर, भीमगीतांवर संशोधन करणाऱ्या आमच्या मुलामुलींना सांगणे आहे : परीक्षेची तारीख ठरली की विभागाकडे लेखी परवानगी मागा आणि ज्यांच्याकडून माहिती घेतली त्या शाहिरांना सन्मानाने पुढच्या रांगेत बसवा. तुमची मांडणी खरी की खोटी, हे त्यांच्याइतके कोण जाणणार?

जयभीम!