घरातील दोन संगणकांत फाइलींची देवघेव : अडथळा कोठे शोधावा

सोलापूर जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांच्या दप्तराचा बराचसा भाग आता संगणकावर आला आहे. २०१५ मध्ये राज्यात ‘सरल’ प्रणाली सुरू झाल्यानंतर विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर भरण्याची रीत रूढ झाली आणि शाळेत न आटोपणारे काम घरी नेण्याची शिक्षकांची जुनी सवय याही कामास लागली. घरी एक जुना संगणक व एक नवा लॅपटॉप असतो. निकालपत्रके एकावर आणि ती छापण्याची सोय दुसऱ्यावर. परंतु एका यंत्रास दुसऱ्यातील फोल्डर दिसत नाही. मग घाईने फायरवॉल बंद केली जाते किंवा ‘एव्हरीवन’ या नावास सर्व अधिकार देऊन टाकले जातात. एखादे वेळी काम भागते. मात्र दोष कोठे होता हे कळत नाही आणि मुलांच्या जन्मतारखा व आधार क्रमांक असलेल्या दप्तराचे दार उघडे राहते. म्हणून दोष क्रमाने शोधणे अगत्याचे आहे.

वाड्यात पाहुणा यावयाचा तर प्रथम रस्ता हवा, मग घर सापडावयास हवे, मग दार उघडले पाहिजे, आणि शेवटी आतील खोलीत जाण्याची परवानगी हवी. फाइलीचेही तसेच आहे. रस्ताच नसता किल्ली बदलीत बसणे व्यर्थ होय.

रस्त्याची परीक्षा सोपी आहे. दोन्ही यंत्रे खरोखर एकाच राउटरला जोडलेली आहेत काय ते पाहावे. पुष्कळदा लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असतो व संगणक राउटरवर. दोहोंवर इंटरनेट चालते, म्हणून घरच्यांस शंका येत नाही. राउटरच्या ‘गेस्ट’ जोडणीवर असलेले यंत्रही बहुधा इतरांपासून वेगळे ठेवलेले असते. ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दोन्हीकडे देऊन क्रमांक ताडून पाहावेत. ते १९२.१६८ ने सुरू होत असतील व तिसरा आकडाही सारखा असेल, तर सामान्यतः रस्ता आहे असे समजावे. एखाद्याचा क्रमांक १६९.२५४ ने सुरू होत असल्यास त्या यंत्रास राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. वीज जाऊन आल्यावर राउटर पुन्हा सुरू होतो व कधीकधी यंत्रांचे क्रमांक बदलतात; काल चाललेली वाट आज बंद झाल्यास हे प्रथम आठवावे. यासाठी क्रमांकापेक्षा संगणकाच्या नावाने हाक मारणे बरे. पलीकडचा संगणक झोपी गेला असेल तर तोही उत्तर देणार नाही, हे वेगळे सांगावयास नको.

पुढील अडथळा विंडोजच्या सावधगिरीचा. नवी जोडणी ‘पब्लिक’ समजली गेल्यास संगणक शेजाऱ्यांस स्वतःचे अस्तित्व कळू देत नाही. एस.टी. स्थानकावरील वायफायसाठी हे योग्यच. स्वतःच्या घरात मात्र त्या जोडणीस ‘प्रायव्हेट’ ठरवावे आणि ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ व ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करावे. त्यासाठी संपूर्ण फायरवॉल बंद करण्याचे कारण नाही. ‘नेटवर्क’च्या यादीत नाव दिसले नाही म्हणून संगणक पोहोचण्याजोगा नाही, असेही मानू नये. विंडोजची कळ व ‘आर’ दाबून येणाऱ्या चौकटीत दोन उलट्या तिरक्या रेघा व पुढे संगणकाचे नाव लिहावे. यादीत नसलेला संगणक अनेकदा असा उघडतो.

येथे परवलीचा शब्द विचारला गेला तर निराश न होता समाधान मानावे, कारण रस्ता व घर दोन्ही सापडले आहे. सर्वांत अधिक वेळ मात्र याच दारात जातो. संगणक उघडताना रोज वापरला जाणारा चार आकडी पिन येथे चालत नाही. तो केवळ त्याच यंत्रापुरता असतो. येथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि ज्या खात्यास पासवर्डच नाही त्यास विंडोज दुसऱ्या यंत्रावरून सहसा प्रवेश देत नाही. सुरक्षित उपाय असा की, ज्या संगणकावर फोल्डर आहे तेथे एक स्वतंत्र खाते उघडावे, त्यास पासवर्ड द्यावा आणि तेवढ्याच फोल्डरचा अधिकार त्या खात्यास द्यावा. हा अधिकार ‘शेअरिंग’ व ‘सिक्युरिटी’ अशा दोन ठिकाणी नोंदवावा लागतो व दोहोंपैकी जो कडक असेल तोच लागू होतो. एकीकडे लिहिण्याची मुभा व दुसरीकडे केवळ वाचनाची, असे असल्यास फाइल उघडते पण जतन होत नाही.

फार जुन्या यंत्रांचा प्रश्न निराळा. विंडोज एक्सपी ‘एसएमबी’ या देवघेवीच्या पद्धतीची केवळ पहिली आवृत्ती जाणते. ती आवृत्ती नव्या संगणकावर पुन्हा चालू करण्याचा सल्ला आजही कोणी देतो. तो मानू नये. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम याच आवृत्तीतील दोषातून पसरला व सुमारे १५० देशांतील संगणकांना त्याची बाधा झाली. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचेही काम खोळंबले. दोष दूर करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिली होती. ज्यांनी ती बसविली नाही त्यांना फटका बसला. २०२४ च्या विंडोज ११ मध्ये तर पासवर्डाविना येणारा पाहुणाही सहसा आत घेतला जात नाही, त्यामुळे जुन्या सवयीने केलेली जोडणी नव्या लॅपटॉपवर एकाएकी बंद पडल्याचे आढळते. तेथेही वर सांगितलेले स्वतंत्र खातेच उपयोगी पडते. एक्सपीवरील फाइली पेनड्राइव्हने, विषाणूंची तपासणी करून, एकदाच नव्या यंत्रावर आणाव्यात.

कधी फाइल सुखरूप पोहोचते, पण उघडताच मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा काला दिसतो. हा नेटवर्कचा दोष नव्हे. ‘श्रीलिपी’सारख्या प्रणालीच्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर तो फाँट नसलेल्या यंत्रावर असाच दिसतो. तो परिवर्तकाने युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि जोडाक्षरे व मुलांची नावे मूळ प्रतीशी ताडून पाहावीत. युनिकोडमधील मजकुरास ही अडचण येत नाही. अक्कलकोट तालुक्यातील कन्नड माध्यमाच्या शाळेची यादीही त्यात मराठीच्या शेजारी बिनदिक्कत बसते.