परराज्यातून जुनी कॅम्पर व्हॅन घरी आणताना

नवी दिल्ली : परराज्यात खरेदी केलेली जुनी कॅम्पर व्हॅन स्वतः चालवत घरी आणायची असल्यास प्रवासापूर्वी कागदपत्रांची पूर्तता महत्त्वाची ठरते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खरेदीदाराने ३० दिवसांत मालकी हस्तांतरणाची माहिती नोंदणी प्राधिकरणास द्यावी लागते. विमा प्रमाणपत्रावरील नावबदलासाठी मुदत १४ दिवसांचीच आहे. दुसऱ्या राज्यात वाहन १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ प्राधिकरणाचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक असते.

हस्तांतरण रखडल्यास जोखीम विक्रेत्यावरही राहते. अपघात झाल्यास भरपाईसाठी नोंदणीकृत मालकच उत्तरदायी असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. व्हॅनमध्ये केलेले बदल नोंदणी प्रमाणपत्राशी जुळतात का, हेही तपासावे.

दीर्घकाळ उभ्या असलेल्या वाहनाचे टायर वरकरणी नवे दिसले तरी आतून कडक झालेले असू शकतात. टायरच्या कडेवरील शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष दर्शवतात. '२३१९' म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा. ब्रेक तपासून आणि स्वयंपाकाच्या गॅसची टाकी बंद करूनच प्रवासास निघणे हिताचे.